पशुधन गटातली ढिंगरी

बुरशीच्या बाबतीत मला हरवेल असा माणूस अख्ख्या सेलू तालुक्यात नाही! हे मी छातीठोकपणे सांगते. बाकी कशातही हरवा. माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात. स्कूटी मी अजून दोन्ही पाय घासत चालवते, त्यामुळे स्कूटीच्या टायरआधी माझ्या चपला झिजतात. पण बुरशी म्हटली की मी, जया आदेश उमाटे, बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग! शेवटच्या वर्षाला बुरशीचा एक अख्खा पेपर होता. त्यात मला शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले होते!

लग्नानंतर बारा वर्षं त्या एक्क्याण्णव मार्कांचा उपयोग एवढाच झाला, की लोणच्याला बुरशी आली तर ते फेकण्याआधी मी तिची जात सांगायची.

मग गेल्या वर्षी मी ढिंगरीचं प्रशिक्षण घेतलं. ढिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, पांढरी, खायची अळंबी. घराच्या मागच्या खोलीत बांबू आडवे बांधले. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, रात्रभर भिजवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, प्लॅस्टिकच्या पन्नीच्या पिशवीत थराथरानं भरायचं, मध्ये ढिंगरीचं बियाणं पेरायचं, तोंड बांधायचं आणि पिशवी अंधारात दोरीला टांगायची. वीस दिवसांत आतलं कुटार दह्यासारखं पांढरंफेक होतं! मग ब्लेडनं पन्नीला चिरा द्यायच्या, दिवसातून चारदा पाणी फवारायचं, की चौथ्या दिवशी त्या चिरांमधून ढिंगरीचे असे गुच्छ बाहेर येतात, असे येतात, की बघणाऱ्यानं बघतच राहावं!

बघणारी एकच होती. माझी सासू, सुमित्राबाई. आणि ती बघत नव्हती, डोळे वटारत होती.

"लोकं बुरशी पुसतेत, आन् हे पोसते!" ती खोलीच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची.

"आई, पावसाळ्यात वारुळाजवळच्या सात्या तुम्ही चवीनं खाता नं? त्याही बुरशीच आहेत."

"सात्या देवाच्या हायेत! ह्या पन्नीतल्या हायेत!"

मी हार मानणारी नाही. मी तिला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. म्हटलं, आई, बुरशी झाड नाही, कारण ती हिरवी नाही. तिला उन्हात बसून स्वतःचं जेवण बनवता येत नाही. ती जनावरही नाही, कारण तिला तोंड नाही, पोट नाही. ती ज्याच्यावर बसते त्याच्यावर अंगातले रस सोडते, ते तिथंच पचवते आणि मग आयतं शोषून घेते.

"म्हंजे सैपाक दुसऱ्याचा, आन् हे नुसती जेवणार," सासू म्हणाली. "तं मंग आदेशच्या जातीची हाये म्हन नं!"

आदेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पेपरमागून फक्त चहाचा रिकामा कप पुढे केला. पुरावा इतक्या लवकर मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं!

घराण्यांचा विषय काढला तेव्हा मात्र सासू सरसावून बसली. सोयरीक हा तिचा प्रांत. मी सांगितलं, की बुरशीची घराणी ती बीजाणू, म्हणजे तिचं बी, कुठं धरते त्यावरून ठरतात. छत्रीखालच्या पडद्यांवर धरणारं ते ढिंगरीचं आणि सात्यांचं घराणं. बारीक पिशव्यांत धरणारं दुसरं, त्यात पाव फुगवणारी बुरशी येते. शिळ्या भाकरीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके धरते ते तिसरं. पाण्यात पोहणारं बी सोडते ते चौथं.

"म्हंजे तुही ढिंगरी आन् माह्या सात्या एकाच घराण्यातल्या?"

"एकाच!"

"असन. पन एका घराण्यात बी चांगली मानसं राह्यतेत आन् आदेशच्या काकासारखी बी राह्यतेत," असं म्हणून ती उठली, आणि जाता जाता निकाल देऊन गेली. "संक्रांत झाली का तूर घरात येते. तवा खोली खाली करजो!"

एकट्या माझा प्रश्न नव्हता. आमच्या बचत गटातल्या अकरा बायका माझ्याकडे बघून ढिंगरी लावायच्या बेतात होत्या. जयाचंच बिऱ्हाड उठलं म्हटल्यावर कुणाच्या घरचे त्यांना खोली देणार होते?

"आई, सेलूत कृषी प्रदर्शन आहे पुढच्या आठवड्यात. तिथं मी बक्षीस आणलं तर?"

सासूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पयला नंबर आनशीन तं खोली तुही. दुसरा आनला तं तूर!"

झालं! मी दुसऱ्याच दिवशी नोंदणीला.

प्रदर्शन भरवणाऱ्या उत्सव समितीच्या टेबलावर प्रेमदास नावाचा गृहस्थ कॉम्प्युटर घेऊन बसला होता. कॉम्प्युटरचं तोंड त्याच्याकडे, पाठ माझ्याकडे. माझ्यामागे रांग. कुणाच्या काखेत भोपळा, कुणाच्या डोक्यावर केळीचा घड.

"वस्तूचं नाव?"

"ढिंगरी."

"हे काय राह्यते बाप्पा?"

"खायची बुरशी."

"भाजीपाल्यात टाकतो," प्रेमदास म्हणाला.

इथं एखादी शहाणी बाई 'टाका' म्हणाली असती आणि घरी गेली असती. पण माझ्या अंगात ते एक्क्याण्णव मार्क होते ना!

"थांबा! भाजीपाल्यात कशी? भाजी वनस्पतीची असते. ही वनस्पती नाही."

"खातेत नं पन?"

"मीठ पण खातेत. मीठ काय भाजी आहे?"

"मंग फळं-फुलं?"

"फळ तर मुळीच नाही!"

"धान्य?"

"प्रेमदासभाऊ!"

मागचा भोपळेवाला म्हणाला, "ताई, लवकर करा नं, भोपळा जड हाये!"

प्रेमदासनं कपाळाला हात लावला. "झाड नाई, फळ नाई, दाना नाई. मंग काय जनावर हाये?"

"जनावर नाही," मी म्हटलं, "पण खरं विचाराल तर झाडापेक्षा जनावराच्याच जवळची आहे! खेकड्याचं कवच ज्या द्रव्याचं असतं तेच हिच्या अंगात असतं. आपल्यासारखाच हिलाही प्राणवायू लागतो. खूप खूप मागे गेलं तर आपला आणि बुरशीचा पूर्वज एकच निघतो!"

"माहा नाई निंगत," प्रेमदास म्हणाला आणि टक्‌कन एक बटण दाबलं. "नग किती?"

"वीस."

"नर का मादी?"

आता बघा, इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मला वाटलं, काय अभ्यासू माणूस आहे! बुरशीच्या प्रजननाबद्दल विचारतोय!

"दोनात नाही भागत हो बुरशीचं! काही जातींत हजारो लिंगं असतात."

प्रेमदासनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "मिश्र लिहितो," तो म्हणाला आणि पावती फाडून दिली. पावतीवर 'गट चार' लिहिलं होतं. मला वाटलं, गट चार म्हणजे 'इतर'. गट चार म्हणजे पशुधन, हे मला कुठं माहीत!

दोन दिवसांनी फोन आला. आवाज भारदस्त. "मी प्रभाकरराव बोलतोय. प्रदर्शनाच्या गट चारचा परीक्षक. तुमचे वीस नग आहेत, बरोबर? चारा काय देता?"

चारा! काय रसिक माणूस आहे, मी मनात म्हटलं. कुटाराला चारा म्हणतोय!

"सोयाबीनचं कुटार देते, सर. उकळून."

"उकळून? वा! हा नवीन प्रयोग दिसतो. ठेवता कुठं? गोठ्यात?"

"छे! घरातच. मागच्या खोलीत. टांगून ठेवते."



"टांगून?"

"हो ना, दोरीनं. खाली ठेवल्या की बुडातून सडतात."

"सडतात?"

"त्याआधी पन्नीत भरून तोंड घट्ट आवळायचं. वीस दिवस अंधार. उजेडाची तिरीप लागू द्यायची नाही!"

"अहो पण बाई, जिवंत?"

"म्हणजे काय! मेलेल्या घेऊन काय करायचं? मग विसाव्या दिवशी ब्लेड घ्यायचं आणि चहूबाजूंनी उभ्या चिरा द्यायच्या."

"चिरा..." आवाज एकदम बारीक झाला. "आणि मग?"

"मग पाणी मारत राहायचं. चार दिवसांत आतलं सगळं बाहेर येतं! इतकं सुंदर दिसतं ना सर, तुम्ही बघाच!"

"दगावत नाहीत का त्या?"

"क्वचित. मागच्या महिन्यात दोन हिरव्या पडल्या. नेऊन पुरल्या."

"मी उद्या सकाळी येतोय," परीक्षक म्हणाले. "तोपर्यंत कृपा करून कशाला हात लावू नका. ब्लेडला तर मुळीच नाही!"

मी फोन ठेवला आणि अंगणात गिरकी घेतली! परीक्षक स्वतः घरी येणार! वीस नगांपैकी एकाही गुच्छाला धक्का लागू नये म्हणून केवढी ती काळजी! मी आदेशला म्हटलं, "पहिला नंबर आलाच समजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहुण्यांसाठी केस धुवायला न्हाणीत शिरले. डोक्याला फेस झाला आणि अंगणात दोन जीप थांबल्याचा आवाज आला. आमची न्हाणी अंगणाला लागून आहे, वरची फटही मोठी आहे. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. सासू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"नमस्कार. मी मधुकरराव, समितीचा अध्यक्ष. हे जनावरांचे डॉक्टर, प्रभाकरराव."

जनावरांचे डॉक्टर? माझा हात केसांतच थांबला.

"बाई, तुमच्या घरात वीस जीव टांगून ठेवले हायेत म्हंतेत," मधुकरराव म्हणाले.

"जीव?" सासू. "कोनं टांगले?"

"तुमच्या सुनीनं. पन्नीत कोंबून, तोंडं बांधून. आन् मंग ब्लेडनं चिरते म्हंते! तिनं स्वतः डॉक्टरले सांगतलं."

आता सासू 'हो, टांगते, मी कवाची वरडून राह्यली' असं म्हणणार, आणि माझा सत्यानाश होणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी डोळे मिटले. शेंगांची टोपली पालथी झाल्याचा आवाज आला.

"कोनाबद्दल बोलून राह्यले तुमी?" सासूचा आवाज चढला. "माही सून? अवो, घरात पाल निंघाली तं ते सुपलीत घेऊन बाहीर सोडून येते! कोंबडी कापली तं दोन दिवस जेवत नाई! पोळ्या जमत नाई तिले, ते मले मान्य हाये. सकाळी लवकर उठत नाई, ते बी लिहून घ्या. पन ते मुक्या जिवाले तरास देते म्हनसान, तं समितीबिमिती काई पाहनार नाई मी!"

न्हाणीत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शाम्पूमुळे आलं, असं मी अजूनही घरी सांगते.

मी तशीच डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. अंगणात निम्मी गल्ली जमली होती. डॉक्टर प्रभाकरराव औषधांची पेटी आणि सलाईनच्या चार बाटल्या घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा इतका गंभीर, की मीच त्यांना पाणी विचारलं.

"आधी खोली उघडा," ते म्हणाले.

मी दार उघडलं. आतला पहिल्या नांगरटीसारखा ओला वास बाहेर आला. आणि नशीब बघा! चार दिवसांपूर्वी चिरलेल्या सगळ्या पिशव्या रात्रीत फुलल्या होत्या. छतापासून कमरेपर्यंत ढिंगरीच ढिंगरी! पांढरे गुच्छ, एकावर एक, इस्त्री करून ठेवलेल्या ओढण्यांसारखे!

"जनावरं कुठं आहेत?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

"कोणती जनावरं?"

मधुकररावांनी यादी काढली आणि वाचली. "गट चार. पशुधन. जात ढिंगरी. नग वीस. लिंग मिश्र."

सगळ्यांनी मागे वळून जीपमधून सोबत आलेल्या प्रेमदासकडे पाहिलं. तो जीपच्या चाकातली हवा तपासायला खाली बसला.

"त्या बाईच बोलल्या!" तो खालूनच ओरडला. "झाड नाई, जनावराच्या जवळची हाये, आमचा पूर्वज एक हाये, सगळं बोलल्या!"

गल्ली जी हसली म्हणता! सलाईनच्या बाटल्या डॉक्टरांच्या हातातून खाली आल्या. मधुकरराव मात्र हसले नाहीत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते म्हणाले, "याद्या छापून झाल्या. भाजीपाल्याची नोंदनी बंद झाली. आता तुमची नोंद रद्द कराव लागते."

रद्द! म्हणजे पहिला सोडा, दुसरासुद्धा नाही! मी सासूकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. आणि मग माझ्यातले एक्क्याण्णव मार्क उसळून वर आले!

"का रद्द?" मी म्हटलं. "चूक माझी नाही, तुमच्या यादीची आहे! झाडं ही एक सृष्टी, प्राणी ही दुसरी, बुरशी ही तिसरी. तुमच्या यादीत तिसरीचं घरच नाही. परगावी आपलं घर नसलं तर माणूस जवळच्या नातेवाइकाकडे उतरतो ना? मग माझी ढिंगरी जनावरांकडे उतरली, तर बिघडलं कुठं?"

मधुकररावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर एका गुच्छाखाली बोट धरून त्याचे पडदे निरखत होते. ते हळूच म्हणाले, "नातं खरं आहे, मधुकरराव. गाईला गजकर्ण होतं ना, ते बुरशीमुळं. जंतू मारणं सोपं, पण बुरशी मारायची म्हटलं की मला औषध जपून द्यावं लागतं. बुरशी आणि गाय आतून इतक्या सारख्या, की एकीला मारणारं दुसरीलाही बाधतं. बाईंचं शास्त्र चोख आहे."

मधुकररावांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "ठीक हाये. पन पशुधन म्हंजे पशुधन! रिंगनात आना लागन. मार्क नियमानं भेटतीन. सवलत नाई!"

"आणते!" मी म्हटलं. डोक्यावरचा टॉवेल तेवढ्यात सुटला नसता, तर तो क्षण आणखी शोभला असता.

प्रदर्शनाच्या दिवशी रिंगणाभोवती मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. 'ढिंगरी नावाचं जनावर' आलंय ही बातमी पार वडनेरपर्यंत गेली होती! रिंगणात पहिला मान रोहण्याच्या महादेवरावांच्या वजीरचा. वजीर म्हणजे गवळाऊ जातीचा पांढराशुभ्र बैल, सलग तीन वर्षं पहिला. शिंगांना गोंडे, गळ्यात झेंडूची माळ, चाल अशी की जमिनीवर उपकार करतोय! त्याच्यामागे शेळ्या, म्हशी, एक रुसलेली कालवड. आणि सगळ्यात शेवटी आदेश आणि मी, खांद्यावर बांबू, आणि बांबूला पन्नी सोलून काढलेली, पाच किलोची, नखशिखांत फुललेली ढिंगरी!

काय शिट्ट्या पडल्या! आदेश पुटपुटला, "जया, मले कोनी ओळखलं तं नाई नं?"

"तोंड वर करा! आपण स्पर्धक आहोत!"

डॉक्टर कागद घेऊन आले आणि एकेक मार्क मोठ्यानं सांगू लागले. प्रकृती, वीसपैकी. वजीरला वीस, ढिंगरीला पंधरा. चाल, दहापैकी. वजीरला दहा. ढिंगरीला शून्य. "चालतच नाई ते!" कोणीतरी ओरडलं. माझा चेहरा पडला. स्वच्छता, वीसपैकी. नेमकं त्याच वेळी वजीरनं शेपूट वर केलं! त्याला अठरा. ढिंगरीला वीस! शांतपणा, दहापैकी. वजीरला दहा. डॉक्टरांनी ढिंगरीच्या कानाशी, म्हणजे कान असता तर जिथं असता तिथं, टाळी वाजवली. ढिंगरी हलली नाही. दहापैकी दहा!

"आता शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "चाऱ्याच्या मानानं वाढ. चाळीसपैकी. महादेवराव, वजीरचं एक किलो वजन वाढायला चारा किती लागला?"

"सात-आठ किलो," महादेवराव मिशी पिळत म्हणाले. "सरकीची ढेप येगळी!"

"जयाबाई, तुमचं?"

"एका किलो सुक्या कुटारात आठशे ग्रॅम ढिंगरी निघते, सर. ढेप नाही, खुराक नाही. आणि उरलेलं कुटार शेतात खत!"

शेतकरी माणसांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "एका किलोत आठशे? माह्या म्हशीले दाखवा कोनी!"

ढिंगरीला चाळीसपैकी चाळीस! वजीर मोठा बैल, त्याला तीस. मी मनात बेरीज केली. ढिंगरी पंच्याऐंशी. वजीर अठ्ठ्याऐंशी. तीन मार्कांनी दुसरा नंबर. म्हणजे तूर!

तेवढ्यात वजीरनं मान लांब केली.

त्यात बिचाऱ्याचा काय दोष? एवढा वेळ उन्हात उभा, आणि नाकासमोर कुटाराचा वास. त्यानं जीभ काढली आणि उजव्या बाजूचा अख्खा गुच्छ एका घासात ओढून घेतला! महादेवरावांनी कासरा ओढला, तर वजीर कासऱ्यासकट महादेवरावांना ओढून दुसऱ्या घासाला आला! आदेश बांबू टाकून पळाला. मी बांबूला एकटीच लोंबकळले.

आणि एवढ्यात गर्दी फाडून कोण यावं? सुमित्राबाई! ज्या बाईनं आजवर ढिंगरीला बोट लावलं नव्हतं, तिनं दोन्ही हातांनी ती अख्खी पोटाशी धरली, आणि वजीरच्या नाकावर एक चापट ठेवून दिली.

"हट मेल्या! माह्या सुनीची मेहनत हाये हे! तुह्या बापाचं कुटार हाये काय?"

वजीर दोन पावलं मागे सरला. तीन वर्षांत त्याला असं कोणी बोललं नव्हतं.

महादेवराव आता रडकुंडीला. "डॉक्टर! माह्या बैलानं बुरशी खाल्ली! त्याले काई होईन तं?"

"काई होत नाई!" सासू गरजली. "आमच्या घरी रोज शिजते! मी रोज खातो!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं माझी नजर टाळली.

डॉक्टरांनी वजीरला तपासलं. बैल ठणठणीत होता आणि नाक चाटत तिसऱ्या घासाची वाट बघत होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शांतपणाच्या रकान्यातले वजीरचे दहा मार्क खोडून तिथं शून्य लिहिलं. महादेवराव काही बोलायला गेले, पण मधुकरराव पुढे झाले. "नियम म्हंजे नियम!"

पशुधन गट, प्रथम क्रमांक: ढिंगरी! सेलूच्या मैदानावर जी टाळी पडली ना, ती मी मरेपर्यंत ऐकत राहीन! बचत गटाच्या अकराही बायका रिंगणात घुसल्या. मला ढाल मिळाली, सरकीच्या ढेपेचं एक पोतं मिळालं, आणि विजेत्या जनावराच्या गळ्यात घालायची झेंडूची माळ मिळाली. ढिंगरीला गळा नसल्यामुळे मधुकररावांनी ती माझ्याच गळ्यात घातली. महादेवराव खिलाडू माणूस. जाताना म्हणाले, "बाई, थ्या कुटाराचं एक पोतं मले देजा. वजीर तुमच्या खांद्याकडंच पाहून राह्यला!"

संध्याकाळी मी ढिंगरीची भाजी केली. लसूण, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. सासू ताटावर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"आई, राहू द्या. नका खाऊ."

"चार गावच्या लोकायसमोर खोटं बोलली मी," ती म्हणाली. "आता ते खरं कराव लागते."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि घास घेतला. आदेश आणि मी तिच्या तोंडाकडे बघत. एक घास. दुसरा. मग तिनं कढईच जवळ ओढली.

"सात्यासारखीच लागते वं," ती म्हणाली. "आन् आदेश, तूर येईन तं तुह्या पलंगाखाली ठेवजो. खोलीत जागा नाई."

त्या क्षणी मला जग जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं बरोबर बारा तास टिकलं. कारण सकाळी पेपर आला. पहिल्याच पानावर माझा रंगीत फोटो! गळ्यात झेंडूची माळ, हातात ढाल. मी धावत जाऊन चष्मा आणला आणि फोटोखालचा मजकूर मोठ्यानं वाचायला लागले:

"पशुधन गटात प्रथम आलेली सेलूची जया. बांधा देखणा, स्वभाव शांत, चारा अत्यंत कमी. मालक: आदेश उमाटे."

वार्ताहरानं सगळी माहिती खुद्द मालकाकडून घेतली होती, असं नंतर कळलं! मालक म्हणतो, तो ढिंगरीबद्दलच बोलत होता, नाव विचारल्यावर फक्त गडबडीत बायकोचं सांगितलं. त्यानं पेपरच्या पंधरा प्रती आणल्या आणि एक फ्रेम करून बैठकीत लावली आहे. येणारा-जाणारा ती वाचतो आणि माझ्याकडे बघतो. 'चारा अत्यंत कमी' इथपर्यंत कुणी काही बोलत नाही. पण 'स्वभाव शांत' वाचून माझी सासू अजून रोज हसते!